लाल जास्वंदीवर पाहुण्या फांद्या : कोथरूडच्या अंगणातल्या वर्षभराच्या नोंदी

१३ फेब्रुवारी २०२४, मंगळवार

माघी गणेशजयंती. आईंच्या (सासूबाईंच्या) परडीत सकाळी एकतीस फुलं, सगळी एकाच झाडाची. पूजा आटपून त्या चहाला बसल्या तेव्हा विषय काढला : त्यांच्या लाल जास्वंदीवर हायब्रीड जास्वंदीची कलमं बांधू का? प्रसन्न असताना विचारलेलं बरं.

झाड : साधी गावठी लाल जास्वंद, पाच पाकळ्यांची. सासऱ्यांनी २००१ साली मागच्या अंगणात भिंतीलगत लावलेली. आता नऊ फूट. जमिनीपासून दोन फुटांवर तीन मोठ्या फांद्या फुटल्यात : एक गल्लीकडे, एक स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, एक मधली, सरळ वर.

उद्योग कशासाठी : गेल्या सहा वर्षांत कुंडीतल्या चार हायब्रीड जास्वंदी माझ्या हातून मेल्या. फुलं बशीएवढी, पण मुळं अगदीच नाजूक. पावसाळ्यात कुंडीत दोन दिवस पाणी साचलं की पानं पिवळी आणि आठवड्यात झाड आडवं. ही लाल मात्र आमच्या चिकट काळ्या मातीत, कुणी काही न करता उभी आहे. नर्सरीवाले याचसाठी गावठी खुंटावर (मुळं पुरवणाऱ्या खालच्या झाडावर) हायब्रीडचं कलम बांधतात. मग मी नवा खुंट कशाला वाढवू? तेवीस वर्षांचा दारात आहे.

आईंच्या अटी : "गल्लीकडची फांदी तुझी. खिडकीकडची आणि मधली माझी, त्यांना पातं लावायचं नाही. आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला मला एकवीस लाल फुलं मिळाली पाहिजेत. बाजारातली नकोत."

मान्य केल्या. इथे लिहून ठेवते आहे, कारण नंतर कोण काय म्हणालं यावर आमच्या घरात दोन मतं असतात.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिली खेप. पाचर कलम, एकूण आठ.

काड्या (खुंटावर बसवायचे फांदीचे तुकडे) : पिवळी (मधे गडद लाल डोळा), माझ्याच पाचव्या कुंडीतली, मरायच्या आत घेतली, ३. केशरी दुहेरी, कर्वेनगरच्या मैत्रिणीकडची, ३. पांढरी, समोरच्या काकांकडची, २. प्रत्येक काडी पेन्सिलीएवढी जाड, चार इंच, पानं कापून देठ तेवढे ठेवलेले. चिठ्ठ्या बांधल्या : पि-१, के-१, पां-१ अशा क्रमाने.

कृती मामाकडून फोनवर. मामा रत्नागिरीकडचा. आंब्याची कोय कलमं बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं : जुलै-ऑगस्टात कोय रुजून पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप झालं की शेंडा उडवायचा आणि हापूसची काडी बसवायची. त्याला जास्वंदीचं सांगितलं तर आधी हसला. मग म्हणाला, "साल सालीला भिडली पाहिजे. बाकी सगळी शोभा."

नेमकं सांगायचं तर सालीच्या आत, लाकडाच्या बाहेर, ओलसर हिरवट पातळ थर असतो, अंतरसाल. वाढ तिथून होते. खुंटाचा तो थर आणि काडीचा तो थर एकमेकांना टेकले तरच सांधा जुळतो. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवायची नाही, एका कडेला सरकवायची. एक बाजू पक्की जुळली तरी पुरते. मधोमध बसवलेली काडी दिसायला छान दिसते आणि मरते.

खुंटाची फांदी आडवी छाटली, मधे सव्वा इंच उभी चीर. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उतार देऊन पाचर केली. आत सरकवली, प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळली. वरून पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालून खाली दोरा. पिशवीचं काम एवढंच की सांधा जुळेपर्यंत काडी सुकू नये. तिला अजून पाणी कुठून मिळत नसतं.

अडचण : जास्वंद कापली की बुळबुळीत चिकटा सुटतो. केसांना लावतात तोच. काडी चिरेतून तीनदा निसटली. वेळ दोन तास दहा मिनिटं, म्हणजे एका कलमाला सोळा मिनिटं. मामा म्हणाला, "तेवढ्यात मी पंचवीस बांधतो."

२५ फेब्रुवारी, रविवार

पिशव्यांत आतून दव. आठही हिरव्या. मी खूश.

३ मार्च, रविवार

पि-१, के-२, के-३ काळ्या. पां-१ पिवळट. बाकी चार अजून हिरव्या दिसतात, पण हिरवी दिसणं म्हणजे लागणं नव्हे हे आता कळलं. काडी अंगच्या पाण्यावर दोन आठवडे हिरवी राहते.

खरी खूण देठाची. पान कापून ठेवलेला देठ बोटाने हलकेच ढकलावा. टपकन गळून पडला तर काडी जिवंत आहे, तिने स्वतः तो टाकून दिला. सुकून चिकटून बसला असेल तर काडीतच जीव नाही. ढकलून बघितलं : पि-२ आणि के-१ चे गळले. पि-३ आणि पां-२ चे चिकटलेले.

१७ मार्च, रविवार

आठापैकी दोन. पि-२ ला दोन फुटी, के-१ ला एक. पिशवीचा वरचा कोपरा कापला. एकदम काढली तर कोवळी पानं कोमेजतात, चार दिवसांत हळूहळू काढायची.

बाकीच्या सहा सोडून बघितल्या. मेलेलं कलम सोडून बघितल्याशिवाय काही कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पि-१, पि-३ : पाचरेचा उतार सपाट नाही, आत वाकलेला. कागद कापायच्या कटरचं पातं लवचीक असतं, दाबलं की वळतं. दोन वक्र पृष्ठभागांत पोकळी राहिली आणि तिथे तपकिरी बुरशी. चूक माझी आणि पात्याची.

के-२, के-३ : काड्या फार कोवळ्या. शेंड्याकडचं हिरवं लुसलुशीत लाकूड पिशवीच्या उबेत शिजलं. काडी शेंड्याची नको, बुडाकडची तपकिरी झालेलीही नको. मधली हवी : हिरवी, पण वाकवली तर कडक लागणारी.

पां-१, पां-२ : दोन्ही पश्चिमेकडे. दुपारी तीननंतर भिंत तापते आणि पिशवी म्हणजे छोटी भट्टी होते.

७ एप्रिल, रविवार

मामा म्हणत होता थांब, दोन पाऊस पडू देत. माझ्याने राहवलं नाही. पांढऱ्याची दोन बांधली, पां-३, पां-४. या वेळी दाढीचं नवं पातं, स्पिरिटने पुसून. पिशवीवर वर्तमानपत्राचा पुडा, भेळेचा असतो तसा. ऊन अडतं, हवा राहते.

आई खिडकीतून : "झाडाला टोप्या घातल्यात. परवा पाडवा आहे, त्यालाही गुढी समजून कुणी नमस्कार करेल."

२८ एप्रिल, रविवार

पां-३ लागलं. पां-४ गेलं. एकंदर जिवंत : पि-२, के-१, पां-३.

समोरच्या काकांचा प्रश्न : पिवळ्या आणि लाल फांदीच्या मधे केशरी फूल येईल का? नाही. खुंटाकडून वर पाणी आणि खतातली द्रव्यं जातात, पानांकडून खाली साखर येते. फुलाचा रंग त्या त्या फांदीच्या पेशी स्वतः ठरवतात. भाडेकरू आणि मालक एकाच टाकीचं पाणी पितात म्हणून भाडेकरूचं आडनाव बदलत नाही. काकांना उदाहरण पटलं, त्यांचा भाडेकरूशी वाद चालू आहे.

त्यांचा दुसरा प्रश्न : जास्वंदीवर गुलाब? तोही नाही. गुलाबाचं कुळ वेगळं. जास्वंद भेंडी, अंबाडी, कापूस यांच्या कुळातली. अर्थात कुळ एक म्हणून भेंडीही जास्वंदीवर लागेल असं नाही. जितकं जवळचं नातं तितकी खात्री. म्हणून जास्वंदीवर जास्वंदच.

१२ मे, रविवार

के-१ मोडलं.

पहाटे फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी भिंतीपलीकडून आकडीने फांदी ओढली. पिशवी भरून फुलं नेणारे हे लोक पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि सगळे देवासाठीच नेतात. लाल फांदी लवचीक असते, ओढली तरी परत जाते. सांधा मात्र तीन महिन्यांचा होता. वरून पूर्ण जुळलेला दिसत होता, पण आतलं लाकूड अजून एक झालेलं नव्हतं. चिरेतून सरळ उपटून आला. चौदा इंच फूट होती आणि टोकाला पहिली कळी.

आज घरात फार बोलले नाही.

१३ मे, सोमवार

भिंतीवर पाटी लावली. मजकूर आईंचा, अक्षर माझं :

"या फांदीला प्लॅस्टर आहे. ओढू नये. फुले हवी असल्यास बेल वाजवून मागावीत. (मागितल्यावर मिळतीलच असे नाही.)"

दुसरा उपाय जास्त कामाचा : प्रत्येक कलमाला बांबूची कामटी, सांध्याच्या खाली एक गाठ आणि वर एक. मोडलेल्या हाडासारखंच. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

१९ मे, रविवार

सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. झाड घ्यायला नाही, हात बघायला. उरुळी कांचनपर्यंत त्या रस्त्याला नर्सऱ्याच नर्सऱ्या. शेडनेटखाली चार बायका गुलाबाचे डोळे (फांदीवरचे न फुटलेले कोंब) आणि जास्वंदीची कलमं बांधत बसलेल्या. त्यांतल्या एका मावशींशेजारी तासभर बसले.

त्यांनी पातं हलवलंच नाही. पातं धरलेला हात मांडीवर टेकवून स्थिर, आणि काडी मागे खेचली. एका ओढीत एक उतार. काडी फिरवली, दुसरी ओढ. मी आजवर काडी स्थिर धरून पातं चालवत होते, भाजी चिरल्यासारखी. म्हणून वक्र काप. "ताई, परत परत तासू नका. एकदा चुकली तर टाकून द्या, काडीला काय तोटा?"

आणखी तीन गोष्टी त्यांच्याकडून. एक : कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही, पाचर तयार झाली की ओठांत धरतात तेही वाईट. दोन : पट्टी गुंडाळताना ताणायची, सैल पट्टी म्हणजे न बांधलेलं कलम. तीन : आधी खुंट चिरायचा, मग काडी कापायची. काडी उघडी राहण्याचा वेळ कमी. मी उलट करत होते.

निघताना त्यांनी स्वतःहून सांगितलं : "लागल्यावर खालची फूट खुडत राहा. नाहीतर वरचं जातं." मान डोलावली. पुरतं ऐकलं नव्हतं, हे ऑक्टोबरमध्ये कळायचं होतं.

(ऑक्टोबरची भर नंतर घातली आहे.)

९ जून, रविवार

पि-२ चं पहिलं फूल! वीत भर रुंद. लाल फूल संध्याकाळी मिटतं, हे दुसऱ्या दिवशीही उघडं राहिलं. आधीच्या तीन कळ्या मे महिन्यात गळल्या होत्या. उन्हाचा ताण असावा, पाणीही मी अनियमित घातलं.

आई बघायला आल्या. बराच वेळ बघितलं. "छान आहे. गणपतीला चालणार नाही, पण छान आहे."

२३ जून, रविवार

दुसरी मोठी खेप. पाऊस चांगला पडून गेलाय, हवा दमट, ढगाळ, झाडाला नवी पालवी. मामाचं "दोन पाऊस" म्हणजे काय ते आता समजलं : झाडात रस वर चढत असतो तेव्हा साल लाकडावरून सहज सुटते, आणि अंतरसाल तेव्हाच कामाला लागलेली असते.

दहा कलमं. केशरी ४, गुलाबी ४ (मैत्रिणीच्या सोसायटीतली, फिकट, काठाला पांढरी), पिवळी २. पातं दर चार कलमांना नवं. मावशींची पद्धत. एक तास पाच मिनिटं, म्हणजे कलमाला साडेसहा. मामाला कळवलं. "बरंय. सुधारलंस."

जागा निवडताना या वेळी विचार केला. कमजोर जात (केशरी दुहेरी) फांदीच्या वरच्या, उभ्या, उन्हातल्या शेंड्यांवर. जोमदार (गुलाबी) खाली आणि आडव्या फांद्यांवर. झाड उभ्या शेंड्याला जास्त देतं, आडव्याला कमी. अशक्त पोराला पुढच्या बाकावर बसवायचं.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. गावात जायचं नाही, म्हणजे निवांत. पिशव्या तपासल्या, सगळ्यांत दव.

२१ जुलै, रविवार

दहापैकी सात! के ३, गु ३, पि १. जुनी पि-२ आणि पां-३ धरून नऊ.

२८ जुलै, रविवार

बुधवारी रात्रभर आणि गुरुवारी पाऊस कोसळत होता. २५ तारखेला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यालगत एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. तिथे राहणाऱ्या आमच्या एका नातेवाइकांकडे दोन दिवस गाळ काढायला गेलो. त्यामुळे झाडाकडे आजच बघितलं.

एक केशरी आणि एक गुलाबी काळी पडली. पट्टीच्या वरच्या तोंडातून पाणी आत उतरलं. पट्टीचं शेवटचं टोक नेहमी खाली तोंड करून खोचायचं, कौलं लावतात तसं. आता सात.

११ ऑगस्ट, रविवार

केशरीवर मधल्या फांदीची गर्द सावली पडते आहे. फुटी लांबट, पिवळट झाल्यात. मधली फांदी आईंची. आई नणंदेकडे नाशिकला गेल्यात.

फक्त शेंडे छाटले. दीड-दोन फूट. सिकेटर (छाटणीची कात्री) धुऊन ठेवला.

२५ ऑगस्ट, रविवार

मधल्या फांदीला नवी पालवी भरपूर. कळी एकही नाही. आत्ता डोक्यात प्रकाश पडला : जास्वंदीला कळी येते नव्या फुटीवर, टोकाकडे. टोक छाटलं म्हणजे येणारी कळी छाटली, आणि नवी फूट वाढून तिच्यावर कळी धरायला दीड-दोन महिने जातात. चतुर्थीला उरले तेरा दिवस.

आई परत आल्यात. वर बघितलं. काही बोलल्या नाहीत.

७ सप्टेंबर, शनिवार

गणेश चतुर्थी. लाल फुलं नऊ.

खिडकीकडच्या फांदीची सहा, गल्लीकडची तीन. कालच मंडईत जाऊन बारा आणली होती. ती मी परडीत मिसळून ठेवली. आईंनी एक एक वेगळं काढलं. बाजारातल्या कळ्या रात्री पाण्यात ठेवून उघडलेल्या असतात, पाकळीचा काठ चुरगळलेला असतो, त्यांना हाताला कळतं. नऊ घरची गणपतीला वाहिली. बारा दारातल्या तोरणात ओवली.

दुपारी, मोदक झाल्यावर : "अगं, मी तेव्हा पातं लावू नकोस म्हटलं ते झाड जपायला नव्हतं. आजच्या दिवसाकरता होतं."

नोंद : लाल बाजूची छाटणी करायचीच तर चतुर्थीच्या किमान तीन महिने आधी, मेअखेर. आणि आईंना विचारून.

६ ऑक्टोबर, रविवार

उकाडा. पि-२ वर पिठ्या ढेकूण. पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके आणि मुंग्यांची रांग. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खातात आणि त्यांना फांदीवरून फांदीवर पसरवतात, म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोडला, बुंध्याला चिकट पट्टी. मग जोरात पाण्याचा फवारा, संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब. दर पाच दिवसांनी, तीनदा. उन्हात मारलं तर पानं भाजतात.

२० ऑक्टोबर, रविवार

पांढरीला लाल फूल आलं.

पां-३, एप्रिलमधलं, सगळ्यांत जोमाने वाढलेलं. तीन फूट झाली होती, मी तिलाच जास्त खत घालत होते. आज सकाळी तिच्या टोकाला लालभडक गावठी फूल.

समोरचे काका ठामपणे म्हणाले, "कलम पलटलं." हा शब्द मी नर्सरीतही ऐकलाय, आंब्याबद्दल मामाच्या गावातही ऐकलाय. दोन वर्षं पिवळा देणारा गुलाब अचानक बारीक गुलाबी फुलं देतो, तेव्हा हेच म्हणतात. जणू वरची फांदी खालच्या मुळाच्या संगतीने बिघडली.

पट्टी सोडली. सांध्याच्या वर तीन इंचांचा सुकलेला, करडा खुंटारा. तीच मूळची पांढरी काडी, पावसात कधीतरी मेलेली. आणि सांध्याच्या खाली अर्ध्या इंचावरून, पट्टीच्या कडेतून, जाड हिरवी फूट निघून सरळ वर गेलेली. पट्टीमुळे ती कुठून निघाली ते दिसत नव्हतं. जास्वंदीची पानं सगळी सारखीच वाटतात. दोन महिने मी लालचीच फांदी पांढरी समजून पोसत होते. खत घालून, कामटी बांधून, चिठ्ठी लावून.

काहीच पलटलं नव्हतं. वरचं मेलं, खालचं वर आलं. मावशींनी मे महिन्यात जे सांगितलं होतं ते हेच. खुंटाला आपल्या जागी कुणाला बसवलंय हे माहीत नसतं. त्याचा शेंडा कापला गेला आहे, एवढंच त्याला कळतं, आणि कापलेल्या जागेखालचे झोपलेले डोळे तो जागे करतो. वरचं कलम जोरात असेल तर ते डोळे दबून राहतात. वरचं अडखळलं की हे धावतात, आणि मग मुळाचं सगळं यांच्याकडेच जातं. म्हणजे खालची फूट आधी आली की वरचं आधी मेलं, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना ढकलत असतात.

मी फेब्रुवारीपासून कलम बांधण्याच्या मागे होते. हाताचा वेळ मोजत होते, सोळा मिनिटं, साडेसहा मिनिटं. बांधणं वर्षातून दोन-तीन रविवार. फुटी खुडणं दर आठवड्याला, आणि झाड आहे तोवर.

सगळ्या पट्ट्या सोडल्या. सांध्याखालच्या फुटी मोजल्या : अकरा. कात्रीने कापल्या नाहीत, अंगठ्याने बाजूला ढकलून मुळासकट उपटल्या. कापलं तर बुडाशी डोळा राहतो आणि एकाच्या दोन येतात.

जिवंत : पि २, के २, गु २. सहा.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आईंना "पांढरी" दाखवली. त्या हसल्या ते रात्री झोपेपर्यंत अधूनमधून हसतच होत्या. मग : "ती राहू दे हं. माझ्याकडे जमा."

गल्लीकडच्या फांदीतला तेवढा भाग आता त्यांचा. करारात बदल.

३ नोव्हेंबर, रविवार

पाडवा काल झाला, आज भाऊबीज. मामा आला होता. झाडाभोवती एक चक्कर, प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला. गु-२ च्या सांध्यावर वरचा भाग फुगून खालच्यापेक्षा जाड झालाय, ते दाखवलं. वरची जात खालच्यापेक्षा वेगाने जाड होते आहे. "चालेल. कामटी काढू नकोस." पिवळीचं कौतुक केलं नाही, केशरीचं केलं. तो म्हणतो, अवघड ते.

१५ डिसेंबर, रविवार

थंडी. हायब्रीडची खालची पानं पिवळी होऊन गळतात, लाल निर्धास्त. पाणी कमी केलं, खत बंद. फुटी खुडल्या : दोन. थंडीत खुंटही आळसावतो.

२६ जानेवारी २०२५, रविवार

एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला दोघी गेलो. आई व्हीलचेअर नको म्हणाल्या, मग दर वीस पावलांवर बाक शोधला.

एका बोगनवेलीपाशी गर्दी : एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी पुंजके, काही निम्मे असे निम्मे तसे. शेजारची बाई कुणाला तरी सांगत होती, कलम आहे. मी वाकून बुंधा बघितला, सांधा कुठेच नाही. ही बोगनवेलीची मेरी पामर नावाची जात असणार. तिच्या अंगातच दोन रंग आहेत, डोळ्यातल्या बदलातून आलेले, कुणी बांधलेले नाहीत. बांधलेल्या झाडावर रंग फांदीगणिक वेगळा असतो आणि सांध्याची गाठ बोटाला लागते. आणि तिसरा प्रकारही आहे : एकाच कुंडीत तीन वेली दाटीने लावून, खोडं एकमेकांत गुंफून "तिरंगी झाड" म्हणून विकणं. त्यासाठी बुंध्याची माती उकरून बघावी लागते. विक्रेत्याला ते आवडत नाही.

घरी येऊन आईंनी मला विचारलं, "आपल्या झाडावर पांढरी परत लावणार का?" मी म्हटलं, तुमची परवानगी असेल तर खिडकीकडच्या फांदीवर, एकच. उत्तर आलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेशजयंती. लाल फुलं सव्वीस. मधली फांदी भरून आली आहे. पिवळी तीन, केशरी एक, गुलाबी नाही.

सकाळी पाटी वाचून खरंच एकाने बेल वाजवली. वर्षातला पहिलाच. आईंनी त्याला पिवळं दिलं. लाल दिलं नाही.

मी झाडाखाली गेले तेव्हा केशरीच्या सांध्याखाली ओली, ताजी खूण होती. फूट उपटलेली. मी उपटली नव्हती. परडीत फुलांच्या खाली लाल जास्वंदीचे चार कोवळे शेंडे.

खिडकीकडच्या फांदीवर, आईंच्या उंचीला, लाल लोकरीचा दोरा बांधलेला. पेन्सिलीएवढी जाड, उभी, उन्हातली जागा. मीही हीच निवडली असती.

करायचं : काकांकडून पांढरीच्या काड्या (शेंड्याच्या नकोत). दाढीची पाती एक पाकीट. पेप्सीकोल्याच्या पिशव्या संपल्या आहेत.